कासाब्लांका नक्की कोणाचा? बोगार्टचा नाही, असं माझं मत (शिव्या घालायला या)

रीळवेडा:
काल रात्री परत एकदा कासाब्लांका सिनेमा लावला, 1942 चा, बोगार्ट-बर्गमनवाला. आणि दरवेळी होतं तेच झालं, शेवटचं ते विमानतळ, धुकं, हॅट, निरोप सुरू झालं तेव्हा मी चहा टाकायला उठलेलो, पण ला मार्सेएजच्या सीनला जागचा हललो नाही. बघितला नसेल त्यांच्यासाठी: रिकच्या, म्हणजे बोगार्टच्या, कॅफेत जर्मन अधिकारी पियानोभोवती जमून त्यांचं देशभक्तीपर गाणं मोठमोठ्याने म्हणतायत, लाझ्लो (बर्गमनचा नवरा, नाझींविरुद्ध लढणारा) तडक बँडकडे जातो, म्हणतो मार्सेएज वाजवा, आणि बघता बघता अख्खा कॅफे उभा राहून फ्रान्सचं राष्ट्रगीत गातो, जर्मन गपगार. त्यात इव्हॉन नावाची एक पोरगी आहे, रिकने झिडकारलेली, जरा वेळापूर्वी एका जर्मन अधिकाऱ्याच्या हातात हात घालून आलेली. कॅमेरा तिच्यावर जातो तर ती गातेय आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

ही मादलेन लबो, तेव्हा जेमतेम 19 ची. 1940 मध्ये जर्मन पॅरिसमध्ये शिरायच्या तोंडावर नवऱ्याबरोबर पळाली, लिस्बन गाठलं, तिथून बोट पकडली तर चिलीचा व्हिसा बनावट निघाला आणि मेक्सिकोत अडकली. नवरा मार्सेल दालिओ, ज्यू, फ्रान्समधला नावाजलेला नट, इथे रिककडे जुगाराच्या टेबलावर चाक फिरवतो, बस एवढंच काम. सिनेमातला जर्मन मेजर स्ट्रासर झालेला कॉनराड फाइट स्वतः नाझींमुळे 1933 मध्ये जर्मनी सोडून आलेला, बायको ज्यू होती. सुरुवातीच्या टायटल्समधल्या 14 नटांत अमेरिकेत जन्मलेले फक्त तिघं!! आणि आपण पोस्टर कोणाचं लावतो? बोगार्टच्या जागी दुसरा कोणी चालला असता, ही पळून आलेली माणसं काढा, सिनेमा बसला.

मधली_सुट्टी:
काहीही हं. लाझ्लोने सांगितल्यावर बँडवाले कोणाकडे बघतात? रिककडे. तो काय करतो? नुसती मान हलवतो, एवढीशी. तोवर पूर्ण वेळ ‘मला काय त्याचं’ करत फिरणारा माणूस त्या एका मानेत पलटी मारतो आणि मग तुझं ते रडणं-गाणं सुरू होतं. हे करून दाखव म्हणावं दुसऱ्या कोणाला. त्याआधी बरीच वर्षं हा बाबा गुंडांचेच रोल करून गोळ्या खाऊन मरत होता, म्हणून तर त्या थोबाडावर प्रेमभंग एवढा शोभतो. आणि त्याच गाण्यात बर्गमन नवऱ्याकडे कशी बघते ते बघ जरा, अभिमान पण आणि भीती पण. स्टार उगाच होत नाही राव कोणी.

तिरकस:
तुम्ही दोघं भांडा निवांत, मला एक सांगा, कासाब्लांका गाव मोरोक्कोचं, मग मोरोक्कोची माणसं कुठायत? बाजारात तो कापड विकणारा आहे, इल्साला (बर्गमनला) 700 फ्रँक सांगतो, रिकची ओळख निघाली की 200 वर येतो, मग थेट 100. झालं, एवढाच आमचा अरब, बाकी गर्दीत फेज टोप्या. आणि ज्या गाण्यावर तुमचे डोळे भरून येतात ते स्वातंत्र्याचं गाणं कुठल्या देशात गातायत? ज्याच्यावर 1912 पासून खुद्द फ्रान्सच बसलेला आणि 1956 पर्यंत उठला नाही. उद्या मुंबईत गोऱ्यांच्या क्लबात लंडन वाचवायची गाणी गायली असती तर दाराबाहेरचा पट्टेवाला रडला असता का?

रीळवेडा:
तिरकस, हा मुद्दा लागला, खरंच. बारा-पंधरा वेळा बघून माझ्या डोक्यात आला नव्हता. पण लबोचं रडणं त्याने खोटं होत नाही ना, शूटिंग चालू होतं 1942 च्या उन्हाळ्यात, तेव्हा पॅरिस जर्मनांच्याच ताब्यात होतं आणि युद्ध कोण जिंकणार हे त्या सेटवर कोणालाच माहीत नव्हतं.

मधली_सुट्टी, मान हलवणं मान्य. बाकी नाही.

तिरकस:
खोटं कोण म्हणतंय. मी म्हणतोय रडण्याच्या रांगेत पण नंबर असतात. आणि सेट बरबँकला, वॉर्नरच्या स्टुडिओत, त्यामुळे खरं कासाब्लांका बघायचा प्रश्नच नव्हता. तिकडे नोव्हेंबरमध्ये अमेरिकन फौजा उतरल्या तशी यांनी 26 तारखेला न्यूयॉर्कला घाईघाईत प्रीमियर उरकला. धंदा हो.

खिडकीतली_आजी:
अरे पोरांनो, विमानतळाच्या सीनला चहा करायला उठतो म्हणे हा! मी कॉलेजात असताना फिल्म सोसायटीत पाहिला, वरचा पंखा खडखडत होता आणि तरी पलीकडच्या बाईंचं नाक ओढणं ऐकू येत होतं. नंतर कळलं की मागचं विमान पुठ्ठ्याचं, ते मोठं वाटावं म्हणून मेकॅनिक बुटके घेतलेले, आणि बर्गमन उंच म्हणून बोगार्टच्या बुटांना खालून ठोकळे. रिकच्या कॅफेत पियानो वाजवणारा सॅम झालेला डूली विल्सन मुळात ड्रमवाला, त्याला पियानो येतच नव्हता, वाजवतोय दुसराच. एवढं सगळं माहीत असून परवा पाहिला तर परत रडले. त्यामुळे निर्वासितांचा वगैरे असेल बाबा, माझ्यापुरता तो दोन माणसांचाच सिनेमा आहे.

पण तिरकस, ते रिकच्या कॅफेच्या दारावर उभा असतो ना, तो जाडा अब्दुल, त्याला तरी तिकडचा घेतला होता का रे?

तिरकस:
डॅन सेमूर. शिकागोचा हो आजी.