पिकअप पोलिसांनी धरलाय, ४१ दिवस झाले. सोडवायचा कसा?

तळोदेकर_पिकअप
अर्जंट आहे. गाडी जप्त झालीय. गुन्हा ड्रायव्हरचा, मी घरी झोपलेलो. ठाण्यात म्हणतात कोर्टात जा, कोर्टाने अर्ज परत दिला. हप्ता १४,२०० चालूच. परवा बघून आलो तर बॅटरी नाही, ताडपत्री नाही. गाडी सोडवलेल्यांनीच सांगा. वकील करा म्हणू नका, एक आधीच पैसे घेऊन बसलाय.

निवृत्त_कारकून
भाऊ, कशात धरली? अपघात, वाळू, गुरं? कलम कुठलं? तुमचं नाव एफआयआरमध्ये आहे का? पंचनाम्याची नक्कल घेतली का? हे न सांगता "सोडवायची कशी" याला उत्तर नसतं.

सावकाश_जा
सोपं आहे हो. सुपूर्दनाम्यावर सोडवा, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा गाडी हजर करीन असं लिहून देऊन. सुप्रीम कोर्टाचा सुंदरभाई अंबालाल देसाई निकाल, २००२. गाड्या ठाण्याच्या आवारात सडवत ठेवून काही उपयोग नाही, फोटो काढा, पंचनामा करा, बाँड घ्या आणि मालकाला द्या, असं स्पष्ट म्हटलंय. आता तर नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम ४९७ आहे. मुद्देमाल कोर्टापुढे आला की १४ दिवसांत यादी, मग फोटो-व्हिडिओ, आणि त्यानंतर ३० दिवसांत कोर्टाने निर्णय द्यायचा. माझी बाइक अशीच आली घरी.

तळोदेकर_पिकअप
माल दारू होता. केळीच्या क्रेटखाली. मी फक्त केळीचं भाडं ठरवलं होतं. माझं नाव कुठेच नाही.

स्पष्टवक्ता७२
पोलीस उगाच कुणाची गाडी धरत नाहीत. मालकाला माहीत नसतं यावर माझा विश्वास नाही.

सावकाश_जा
तुमचा विश्वास कोर्टात चालत नाही ना. गुन्हा सिद्ध व्हायच्या आधीच शिक्षा चालू आहे इथे. हप्ता भरतोय कोण?

स्पष्टवक्ता७२
मग दारूवाल्यांना गाड्या परत द्या, उद्या पुन्हा त्याच गाडीत माल.

न्यूजर्सीचा_नाना
इकडे अमेरिकेत तर याहून भारी प्रकार आहे. खटला माणसावर नाही, वस्तूवर चालतो! मिशिगनच्या एका बाईच्या नवऱ्याने दोघांच्या मालकीच्या गाडीत भानगड केली, गाडी सरकारजमा. सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये ५ विरुद्ध ४ ने म्हटलं, बाईंना माहीत नव्हतं तरी चालेल. निर्दोष मालकाला संरक्षण देणारा केंद्रीय कायदा २००० मध्ये आला, तोही केंद्राच्या जप्त्यांपुरता. मग इंडियानाच्या टिम्ब्ज नावाच्या माणसाचा खटला. वडिलांच्या विम्याच्या पैशांतून घेतलेली ४२,००० डॉलरची लँड रोव्हर गेली, आणि त्या गुन्ह्याचा जास्तीत जास्त दंड १०,००० डॉलर. २०१९ मध्ये कोर्ट एकमताने म्हणालं, अवाजवी दंडाची मनाई राज्यांनाही लागू. शिवाय कित्येक राज्यांत जप्तीचा पैसा पोलिसांच्याच खात्यात जातो. आपल्याकडे निदान तसं नाही.

निवृत्त_कारकून
नाना, माणूस तळोद्याचा आहे.
@तळोदेकर, केळी जात कुठे होती?

तळोदेकर_पिकअप
सुरतला.

निवृत्त_कारकून
अहो मग हे आधी सांगायचं! गाडी गुजरातमध्ये धरलीय?

तळोदेकर_पिकअप
हो. बॉर्डरपासून ठाणं किती लांब, तीस किलोमीटर. त्याने काय फरक पडतो?

निवृत्त_कारकून
सगळाच. मूळ कायदा एकच, जुन्या मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा. १९६० ला राज्यं वेगळी झाली, कायदा दोघांनी आपापल्या परीने वाढवला. गुजरातने कलम ९८ मध्ये भर घातली, की ठरावीक मर्यादेहून जास्त दारू सापडली तर वाहन निकाल लागेपर्यंत बाँडवर सोडायचंच नाही. म्हणून खालचं कोर्ट हात वर करतं. तिथले लोक सरळ हायकोर्टात जातात, राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली. तिथे सुंदरभाईचा आधार घेऊन, अटी घालून गाड्या सोडल्या गेल्यात. म्हणजे सावकाश यांचा निकाल बरोबर, दार चुकीचं.

सावकाश_जा
मी दार सांगितलंच नव्हतं.

खाते_गोठले
माझ्या बँक खात्याचंही असंच झालंय, कुणीतरी ८,००० पाठवले आणि सगळं खातं बंद. यावर काय करू?

निवृत्त_कारकून
वेगळा धागा काढा. खातं म्हणजेही मालमत्ता, पोलीस गोठवू शकतात, हे तापस निओगी प्रकरणात १९९९ मध्येच ठरलंय. फक्त वादाची रक्कम अडवून बाकी खातं मोकळं करा, असा अर्ज करा.
तळोदेकर, अर्ज परत देताना कागदावर काय लिहिलंय? शब्दशः टाका.

तळोदेकर_पिकअप
गुजरातीत आहे. वकील म्हणाला "अर्जदार नोंदणीकृत मालक नाही". आरसी मिसेसच्या नावावर आहे, सबसिडीसाठी घेतला होता तिच्या नावाने. पण घरचीच गाडी ना.

निवृत्त_कारकून
४१ दिवस, आणि हे आता सांगताय. तुमच्यासाठी घरची, कोर्टासाठी वहिनींची. म्हणजे कलम ९८ पर्यंत तुमचा अर्ज पोचलाच नाही. हायकोर्टात वहिनींची सही, त्यांचं शपथपत्र. हप्ता चालू आहे म्हणजे फायनान्सवाल्यांचं ना-हरकत पत्र. विमा, परमिट. बॅटरी-ताडपत्रीचं लेखी पत्र ठाण्याला द्या, पोच घ्या. पंचनाम्यात त्या वस्तू लिहिल्यात का ते आधी बघा, नसतील तर भांडू नका, गेल्या त्या.

स्पष्टवक्ता७२
आणि भाडं केळीचंच होतं याला पुरावा काय?

तळोदेकर_पिकअप
व्हॉट्सअ‍ॅपवर आहे सगळं. व्यापाऱ्याचा मेसेज, क्रेटचा आकडा, ॲडव्हान्स ३,०००. स्क्रीनशॉट चालेल?

सावकाश_जा
नुसता नको. साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याचा नवा कायदा) कलम ६३ चं, डिजिटल पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागेल. आणि तो फोन विकू नका, फॉरमॅट तर अजिबात नको.

तळोदेकर_पिकअप
फोन ड्रायव्हरकडे होता. तोपण जप्त आहे.

केळीवाला_रावेर
सुरतला भाडं काय मिळतं सध्या?