कॅलिफोर्नियात सरकारी कामावर अप्रेंटिस घ्यावाच लागतो का?

प्लंबरीणबाई:
नवऱ्याची छोटी प्लंबिंग कंपनी आहे, कागदपत्रं मी बघते. आजवर खासगी घरांचीच कामं केली, आता पहिल्यांदाच एका सरकारी शाळेचं सबकॉन्ट्रॅक्ट मिळालंय, २२,००० डॉलरचं. जनरल कॉन्ट्रॅक्टर (ज्याने पूर्ण काम घेतलंय तो मुख्य ठेकेदार) म्हणतो अप्रेंटिसचे फॉर्म भरा, पण ३०,००० च्या आत असेल तर लागत नाही ना? आणि भाचा हाताखाली शिकतोच आहे, त्यालाच अप्रेंटिस दाखवला तर?

खडीवाळू:
३०,००० ची सूट तुम्ही थेट काम घेतलं असतं तर मिळाली असती. तुम्ही जनरलच्या हाताखाली आहात म्हणजे त्याच्या कॉन्ट्रॅक्टचा आकडा बघायचा आणि शाळेचं काम म्हणजे तो मोठाच असणार. भाच्याचं नाव राज्याने मान्य केलेल्या प्रोग्रॅममध्ये नोंदवलंय का? नसेल तर तो अप्रेंटिस नाही, त्याला जर्नीमनचा (पूर्ण शिकलेल्या कारागिराचा) पूर्ण प्रिव्हेलिंग वेज, म्हणजे सरकारी कामासाठी राज्याने ठरवलेला मजुरीचा दर, द्यावा लागेल.

जुना_फोरमन:
आमची चूक सांगतो. आम्ही डीएएस १४० (राज्याच्या अप्रेंटिस विभागाचा फॉर्म) पाठवला आणि निवांत बसलो, अप्रेंटिस कोणी पाठवला नाही तर म्हटलं सुटलो! अहो १४० म्हणजे नुसती वर्दी, की आम्हाला काम मिळालंय. माणूस मागायचा तो डीएएस १४२ या दुसऱ्या फॉर्मवर, तोही निदान ७२ तास आधी, शनिवार-रविवार आणि सुट्ट्या सोडून. अप्रेंटिस पाठवणाऱ्या एका कमिटीकडे माणूस नसेल तर भागातल्या दुसऱ्या कमिटीला विचारायचं, आणि लेखीच, फोनवरचं बोलणं कोणी धरत नाही. दंड दिवसाला १०० डॉलरपर्यंत जातो.

प्लंबरीणबाई:
बापरे. पण आमची दोनच माणसं, चार दिवसांचं काम, त्यात किती अप्रेंटिस बसवू? सोमवारी सुरू करायचंय आणि आज गुरुवार!!

जुना_फोरमन:
जर्नीमनच्या ५ तासांमागे अप्रेंटिसचा १ तास, ओव्हरटाइम धरायचा नाही. दोघांचे चार दिवस म्हणजे ६४ तास, त्यावर जेमतेम १३, म्हणजे एक अप्रेंटिस दोन दिवस आला की झालं. १४० तर आजच पाठवा, काम सुरू व्हायच्या आत जायलाच हवा. १४२ पण आत्ताच, बुधवार-गुरुवारसाठी मागा, कारण ७२ तास मंगळवारीच भरतील. मागूनही कोणी दिला नाही तर दोष तुमचा नाही, फक्त ईमेल जपून ठेवा.

खडीवाळू:
आणि ट्रेनिंग काँट्रिब्युशन (अप्रेंटिसांच्या प्रशिक्षणासाठीची वर्गणी) विसरू नका हं, तासागणिक असतं आणि अप्रेंटिस आला नाही तरी भरायचंच. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत.

प्लंबरीणबाई:
१४० गेला. १४२ भरतेय, भाच्याला अजून सांगितलं नाहीये.