मदत हवी आहे: दोन शहरांमधला रोजचा प्रवास, गर्दीची वेळ कशी चुकवावी?

नमस्कार मंडळी,

माझं घर एका शहरात आणि नोकरी शेजारच्या शहरात. अंतर साधारण ६० किलोमीटर. रस्ता मोकळा असला तर गाडीने तासाभरात पोहोचते, पण सकाळच्या गर्दीत पावणेदोन तास, कधी दोन तासही लागतात. संध्याकाळी परतताना तीच गत. घरी पोहोचेपर्यंत अंगात काहीच त्राण उरत नाही आणि मुलीचा अभ्यास घ्यायला बसले की चिडचिड होते. हे आता थांबवायचंय.

सासूबाईंची तब्येत, नवऱ्याची नोकरी आणि मुलीची शाळा हे सगळं इथेच आहे. नोकरी मला मनापासून आवडते. त्यामुळे ‘घर बदला’ किंवा ‘नोकरी बदला’ हे सल्ले कृपया नकोत.

आमच्या शहरातून बाहेर पडताना थोडे सिग्नल लागतात, पुढे महामार्ग बऱ्यापैकी सुरळीत आहे. खरी कोंडी होते ती दुसऱ्या शहराच्या वेशीवर. तिथे नदीवरच्या पुलाशी तीन पदरांचे दोन होतात आणि त्याच्या जरा अलीकडेच बाजूच्या वसाहतींचा रस्ता येऊन मिळतो. मुलीला शाळेच्या बसमध्ये बसवून साडेसातच्या सुमारास निघते, साडेआठच्या आसपास पुलाच्या अलीकडे असते. ऑफिसची वेळ साडेनऊची. साहेब अर्ध्या तासाचा उशीर चालवून घेतात म्हणून थोडं उशिरा निघून पाहिलं, तर उलट जास्तच अडकले. हे कोडं मला सुटलेलं नाही.

तर लवकर निघावं की आणखी उशिरा? नकाशाचं ॲप कधीकधी महामार्ग सोडून गावांमधल्या रस्त्याने जायला सांगतं, त्याचं ऐकावं का? मधल्या स्टेशनपर्यंत गाडी आणि पुढे ट्रेन असं कोणी करतं का? पूल रुंद होणार असं बरीच वर्षं ऐकतेय, तोवर कळ काढावी का? ज्यांना रोजचा अनुभव आहे त्यांनी नक्की लिहा.

प्रतिसाद १

ट्रेनचं मी करतो म्हणून सांगतो. ट्रेनचा स्वतःचा वेळ मोजू नका, दारापासून दारापर्यंतचा मोजा. स्टेशनवर गाडी लावायला जागा मिळणं, फलाटावर थांबणं आणि उतरल्यावर ऑफिसपर्यंत जाणं यात अर्धा तास सहज जातो. उतरल्यावर पायी जाता येत असेल तर डोळे झाकून ट्रेन घ्या. पुन्हा बस किंवा रिक्षा शोधावी लागणार असेल तर वेळ फारसा वाचत नाही. पण स्टिअरिंग धरून बसावं लागत नाही, डोळे मिटता येतात. तुम्ही थकव्याबद्दल लिहिलंय, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

प्रतिसाद २

ताई, तुमचं कोडं सुटण्यासारखं आहे. मी वाहतूक नियोजनात काम करतो, थोडं सविस्तर लिहितो.

महामार्गाच्या एका पदरातून तासाला साधारण २,००० गाड्या जाऊ शकतात. म्हणजे तुमच्या दोन पदरी पुलावरून ४,०००. आता असं धरू की सात ते नऊ या वेळात दर तासाला ५,२०० गाड्या पुलाकडे येतात. दर तासाला १,२०० मागे उरतात. आठ वाजता रांगेत १,२०० गाड्या, नऊ वाजता २,४००. साडेआठला पोहोचणारा २७ मिनिटं थांबतो, नऊला पोहोचणारा ३६ मिनिटं. आणि सव्वासातला पोहोचणारा? जेमतेम साडेचार मिनिटं.

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा. नऊनंतर येणाऱ्या गाड्या घटून तासाला २,८०० झाल्या तरी साचलेली रांग ओसरायला आणखी दोन तास लागतात. गर्दी नऊला संपली, रांग अकराला. म्हणजे साडेनऊला पुलावर येणारासुद्धा साडेआठवाल्याइतकाच थांबतो. थोडं उशिरा निघून तुम्ही रांगेच्या सगळ्यात लांब टप्प्यात जाऊन उभ्या राहिलात. हे आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत, तुमच्या पुलाचे वेगळे असतील, पण रांगेचं वागणं असंच असतं: हळूहळू वाढते आणि गर्दी सरल्यावरही बराच वेळ रेंगाळते. शिवाय गाड्या थांबत-थांबत चालू लागल्या की पुलाची क्षमता थोडी आणखी उतरते.

म्हणून घरातून किती वाजता निघायचं ते शेवटी ठरवा. आधी पुलावर किती वाजता पोहोचायचं ते ठरवा आणि तिथून उलट मोजत या. दोन आठवडे रोज फक्त दोन वेळा टिपा: रांगेला चिकटलात ती आणि पूल ओलांडलात ती. त्यात दोन-तीन दिवस मुद्दाम लवकर निघा. रांग कधी धरते ते त्यातून स्पष्ट दिसेल. पावसाचे दिवस वेगळे लिहा, आठवड्याचे वारही लिहा.

विल्यम विकरी या अर्थतज्ज्ञाने १९६९ साली नेमक्या अशाच अरुंद जागेचं गणित मांडलं होतं. त्याचं म्हणणं असं की प्रत्येक प्रवासी दोन तोट्यांची तुलना करत असतो: रांगेत जाणारा वेळ आणि अवेळी पोहोचल्याने वाया जाणारा वेळ. तुम्ही सव्वासातला पुलावर आलात तर रांग टळेल, पण ऑफिसात पावणेदोन-दोन तास आधी पोहोचाल. तो वेळ नुसता बसून गेला तर काहीच साधलं नाही. म्हणून साहेबांशी बोलणं आधी. काम तेवढंच, तास तेवढेच, फक्त सुरुवात आठला आणि सुटी त्याच हिशेबाने लवकर. संध्याकाळची गर्दीही मग आपोआप टळते.

पुलाबद्दल: तो झाला तर आनंद आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका. अँथनी डाउन्स या अर्थतज्ज्ञाने १९६२ सालीच दाखवलं होतं की गर्दीच्या वेळेचा रस्ता मोकळा झाला की आज वेळ बदलून किंवा दुसऱ्या वाटेने जाणारे लोक त्याच वेळेला, त्याच रस्त्यावर परत येतात.

प्रतिसाद ३

ॲपबद्दल. आतला रस्ता शेवटी त्याच पुलावर येत असेल तर उपयोग शून्य, फक्त रांगेत शिरायची जागा बदलते. दुसऱ्या पुलाने जात असेल तरच विचार करा. तरीही ॲप तोच सल्ला बाकीच्यांनाही देत असतं. गावातला अरुंद रस्ता बघता बघता भरतो, आणि तिथे शाळेत चाललेली पोरं, सायकली, गुरं असतात. पाच मिनिटांसाठी मी तरी तिकडे गाडी घालणार नाही. ॲपचा खरा उपयोग निघण्याआधी: अपघात झालाय का, रस्ता बंद आहे का, तेवढं बघून घ्या.

रांगेत असाल तेव्हा पदर बदलत बसू नका आणि पुढच्या गाडीशी अंतर ठेवा. जपानमध्ये २३० मीटरच्या गोल मार्गावर २२ गाड्या एकसारख्या वेगाने चालवायला सांगितल्या होत्या. २००८ साली तो प्रयोग प्रसिद्ध झाला. वाटेत ना सिग्नल ना पूल, तरी थोड्याच वेळात गाड्या थबकू लागल्या आणि ती कोंडी मागे-मागे सरकत राहिली. कोणीतरी जरासा ब्रेक दाबतो, मागचा जास्त जोरात दाबतो. अंतर ठेवलं की तुम्हाला तरी सारखा ब्रेक लावावा लागत नाही. पाय दुखायचे थांबतील.

धागालेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा निघून जास्त का अडकले ते आज पहिल्यांदा समजलं.

ट्रेन माझ्यासाठी जमणार नाही, ऑफिस स्टेशनपासून लांब आहे. लवकर जायचं तर सव्वासहाला घर सोडावं लागेल आणि मुलीला बसमध्ये नवरा बसवेल. पण मग सकाळी ती मला दिसणारच नाही. रोज हे मला नाही जमणार. आठवड्यात काही दिवसच असं केलं तर चालेल का, की वेळापत्रक रोज एकच हवं?

प्रतिसाद २

रोज एकच असण्याची काही गरज नाही. प्रत्येक दिवसाची रांग त्या दिवसापुरती असते. दोन-तीन दिवस लवकर जा आणि त्या दिवशी दुपारी लवकर निघून मुलीबरोबर संध्याकाळ घालवा. उरलेल्या दिवशी तिला बसमध्ये बसवा, सकाळचे तीन तास घरून काम करा आणि अकरानंतर पुलावर पोहोचाल अशा बेताने निघा. मधल्या वेळेला मात्र हात लावू नका. ऑफिसात मागणी करताना ‘जरा सवलत द्या’ असं मोघम म्हणू नका. दोन आठवड्यांची टिपणं समोर ठेवा, कोणत्या वारी किती वाजता याल ते कागदावर लिहून द्या आणि महिनाभर करून बघू म्हणा. संध्याकाळच्या वेळाही टिपायला सुरुवात करा. परतीची रांग पुलाच्या अलीकडे, म्हणजे शहराच्या आतच लागते. त्यामुळे पुलावर नाही, तर ऑफिसजवळच्या पहिल्या मोठ्या चौकात किती वाजता पोहोचता ते बघा.