मदत हवी आहे: उलांडीची शिडाची कयाक एका बाजूने वळतच नाही

मढमार्वे०७
कयाकला शीड आणि उलांडी (तोल सांभाळायला बाजूला दांड्यांवर बांधलेला तरंगता पाइप) बसवली आहे. उजवीकडून वारा असला की टॅक (नाळ, म्हणजे पुढचं टोक, वाऱ्यातून पार नेऊन वळणं) होत नाही. नाळ वाऱ्यात येते, शीड फडफडतं, वेग मरतो आणि कयाक मागे सरकत परत होती त्याच दिशेला पडते. वारा डावीकडून असला की उलटं, सुकाणू सैल सोडलं तर आपणहून वाऱ्यात शिरते. डोलकाठी पुढे झुकवून पाहिली, त्याने आणखी बिघडलं. रविवारी दुपारी पुन्हा पाण्यात उतरायचं आहे. शीड मोठं घेऊ का? लवकर सांगा, सामान उद्याच आणावं लागेल.

सुकाणूवाला
शीड मोठं अजिबात घेऊ नका. आधी हे लिहा: कयाक किती लांब, शीड किती चौरस मीटर, उलांडी कोणत्या बाजूला आणि कशाची, लीबोर्ड (नाव आडवी घसरू नये म्हणून बाजूला पाण्यात सोडायचं पातं) आहे का, सुकाणूचं पातं केवढं. यातलं काहीच माहीत नसताना कोण काय सांगणार?

खाडीकाठ
सुकाणूचा ब्रॅकेट एपॉक्सीने किंवा एम-सीलने चिकटवू नका. रोटोमोल्डेड कयाक पॉलिथिलीनची असते, तिला यातलं काही धरत नाही, पापुद्र्यासारखं सुटून येतं. आरपार बोल्ट मारा, आतून मोठा वॉशर आणि मध्ये ब्यूटाइल टेप. बोल्ट ३१६ स्टेनलेसचे, ३०४ ला खाऱ्या पाण्यात तांबेरा धरतो. ॲल्युमिनियमच्या दांड्यात स्टेनलेस बोल्ट घालताना मध्ये नायलॉनचा वॉशर हवाच, नाहीतर बोल्टाभोवती ॲल्युमिनियमची पांढरी पूड होते. मुंबईत नागदेवीच्या बाजारात हे सगळं एका फेरीत होईल.

मढमार्वे०७
ब्रॅकेट ठीक आहे हो, प्रश्न तो नाही. कयाक ४ मीटर. शीड ३ चौरस मीटर. उलांडी ११० मिमी पीव्हीसी पाइप, २ मीटर लांब, दोन्ही टोकांना टोप्या. लीबोर्ड आहे.

दोन उलांड्या
दुसऱ्या बाजूलाही उलांडी लावा, विषय संपला. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की वळणंही सारखंच होईल.

सुकाणूवाला
@दोन उलांड्या, विषय संपत नाही. ११० चा २ मीटर पाइप म्हणजे १९ लिटर. त्याचं स्वतःचं वजन ३ किलो धरलं तर उचल १६ किलो. कयाकच्या मध्यापासून तो १.१ मीटर लांब असेल तर तोल सांभाळायला साधारण १८ (किलो गुणिले मीटर) मिळतात. ३ चौरस मीटर शिडावर १२ नॉट वाऱ्यात अंदाजे ८ किलो आडवा जोर येतो आणि तो लीबोर्डपासून १.६ मीटर वर लागतो, म्हणजे १३. इथवर ठीक. १५ नॉटला हाच आकडा २० होतो आणि पाइप पाण्याखाली जातो. दुसरा असाच पाइप लावला तर तोही बुडेल, एकेका बाजूने.

धागाकर्त्याने बाजू लिहिली नाही, पण लक्षणांवरून उलांडी डावीकडे आहे. उजवीकडून वारा आला की ती वाऱ्याखाली दबते, पाणी ओढते आणि नाळ डावीकडे, म्हणजे वाऱ्यापासून दूर खेचते. टॅकला नाळ उजवीकडे न्यायची असते, तेव्हा वळणाच्या बाहेरच्या अंगाला हा ब्रेक लागलेला असतो. डावीकडून वारा असताना तीच उलांडी हलकी होते, ओढ संपते आणि वाऱ्यात शिरण्याचा मूळ कल उघडा पडतो. डोलकाठी पुढे झुकवल्याने शिडाचा जोर पुढे गेला, त्यामुळे अडणारी बाजू आणखी अडली. ती परत सरळ करा.

वेसावकर
उलांडी एकच आणि नेहमी वाऱ्याकडे ठेवायची. टॅक करायचाच नाही, नाळेचं शेपूट करायचं आणि शेपटाची नाळ. पॅसिफिकमधल्या प्रोआ नावाच्या होड्या अशाच चालतात. आपल्याकडे रत्नागिरीच्या बाजूला होडीला पांगाऱ्याची उलांडी असायची, लाकूड हलकं आणि पुढून निमुळतं तासलेलं. पाइपाला सपाट टोपी लावून नाव चालवणं म्हणजे पाण्यात फळी आडवी धरणं.

सुकाणूवाला
@वेसावकर, टोपीचं एकदम बरोबर. प्रोआचं मात्र इथे जमणार नाही. त्याला दोन्ही टोकांना सुकाणू लागतं, शीड या टोकाहून त्या टोकाला न्यावं लागतं आणि कयाकचं आसन एकाच दिशेला साच्यात ओतलेलं असतं.

भांगउधाण
जागा मुंबईतल्या मार्व्याचीच ना? दुपारी वायव्येचा वारा आणि खाडीतून बाहेर पडणारी ओहोटी समोरासमोर येतात. प्रवाह नाळ ढकलतो म्हणून वळत नसेल. उधाणाला तर मुखाशी उभंही राहवत नाही.

सुकाणूवाला
प्रवाह अख्ख्या कयाकला सारखाच वाहून नेतो, एकटी नाळ ढकलत नाही. मारक असतात त्या लाटा. वाऱ्याविरुद्ध ओहोटी लागली की लाटा आखूड आणि उभ्या होतात, दोन-तीन लाटांतच टॅकचा वेग जातो. सराव भांगाच्या दिवशी (भरती-ओहोटी सगळ्यात कमी असते तेव्हा), भरती भरून पाणी थांबतं तेव्हा करा.

मढमार्वे०७
हो, मार्वे, आणि उलांडी डावीकडेच. आता मोजलं: कयाकच्या मध्यरेषेपासून उलांडी पुढच्या दांड्यावर ११२ सेंमी, मागच्यावर १०६. दोन दांड्यांत १ मीटर अंतर. याने एवढा फरक पडतो का?

सुकाणूवाला
पडतो, मुख्य दोष इथेच आहे. १ मीटरला ६ सेंमी म्हणजे साडेतीन अंशांच्या आसपास. उलांडीचं तोंड बाहेर, डावीकडे वळलंय, म्हणजे दबली की ती स्वतःच सुकाणूसारखं डावीकडे वळवते.

रविवारपर्यंत एवढंच करा. पुढची पकड सैल करून दोन्ही माप १०६ वर आणा, दोरी ताणून तपासा. मग उलांडीचं पुढचं टोक मागच्यापेक्षा २-३ सेंमी वर उचला. उंची पाण्यातच ठरवा: तुम्ही आसनावर सरळ बसलात की पाइपाचं बूड पाण्याला जेमतेम टेकलं पाहिजे. अर्धा पाइप बुडत असेल तर दांड्याखालच्या फळ्या बदला. पुढच्या टोपीवर फोम तासून २५-३० सेंमीचं निमुळतं नाक बसवा. पाइप १६० चा घेतलात तर उत्तमच, ४० लिटर मिळतील, पण तो बदल नंतर.

लीबोर्डला आत्ता हात लावू नका. उलांडी सरळ झाल्यावरही डावीकडच्या वाऱ्यात कयाक वाऱ्यात शिरत असेल तर लीबोर्डचं खालचं टोक थोडं मागे कलवा. ३ चौरस मीटर शिडाला पाण्याखाली २५ बाय ५० सेंमी पातं पुरतं.

उजवीकडून वारा असताना टॅक असा: आधी नाळ वाऱ्यापासून थोडी दूर नेऊन वेग घ्या. अंग पुढे झुकवा म्हणजे मागचं टोक सुटं होतं. सुकाणू हळूहळू भरा (वळवा), ४० अंशांपुढे गेलं की तेही ब्रेकच. शीड फडफडायला लागताच बूड उजवीकडे सरकवा, उलांडी पाण्यातून मोकळी होईल. नाळ वाऱ्यापार गेली की लगेच मध्ये या, कारण आता वारा डावीकडून आहे आणि उजवीकडे आधार नाही. कयाक उलटते ती इथेच. अडकलातच तर मागे सरकताना सुकाणू उलट भरा आणि डावीकडे वल्ह्याचे दोन फटके मारा.

मढमार्वे०७
फोम पाइपाला चिकटवायला काय वापरू? थर्माकोल चालेल?

खाडीकाठ
थर्माकोल असेल तर रबर सोल्यूशन लावू नका, विरघळतं. एपॉक्सी चालेल. पीव्हीसीला आधी ८० नंबर पॉलिश पेपर मारून खरखरीत करा, वरून फायबरग्लासचा एक थर द्या. शनिवारी सकाळी लावलंत तर रविवारी दुपारपर्यंत कडक होतं.

वेसावकर
मुखाशी डोलजाळ्यांचे (एका जागी बांधून ठेवलेल्या मासेमारीच्या जाळ्यांचे) खुंट असतात, भरतीला त्यांचं टोक जेमतेम दिसतं. लीबोर्ड जाळ्यात अडकला की वारा नाव आडवी पाडतो. सरावाला आतल्या बाजूला राहा, आणि लाइफ जॅकेटला सुरी बांधलेली असू द्या.