वेल्सचे गावखेळ कोणी मारले? चॅपलने की रग्बीने?

कार्डिफचा_काका
मंडळी, कार्डिफात बारा वर्षं झाली. इथे कुणालाही विचारा तुमचा खेळ कुठला, उत्तर एकच, रग्बी. जणू रग्बीच्या आधी ही माणसं नुसती कोळसा खणत आणि कोरस गात बसली होती. रग्बीशी माझं वाकडं नाही, मॅच असली की आमच्या गल्लीत गाडी लावायला जागा मिळत नाही एवढीच काय ती तक्रार. पण इथल्या जुन्या गावखेळांबद्दल वाचायला घेतलं आणि डोकं फिरलं, म्हणून हा धागा.

पेम्ब्रुकशरमध्ये क्नापान नावाचा प्रकार होता. जॉर्ज ओवेन म्हणून तिथला जमीनदार, त्याने १६०३ साली सगळं लिहून ठेवलंय. लाकडाचा टणक चेंडू, मुठीत मावेल एवढा, तो चरबीत उकळायचा म्हणजे बुळबुळीत होतो आणि हातात टिकत नाही. दोन्हीकडून गावंच्या गावं उतरायची, हजार-दीड हजार माणूस सहज, अंगावर जेमतेम चड्डी कारण बाकी कपडे फाटणारच, शिवाय घोडेस्वार आणि त्यांच्या हातात सोटे. गोलपोस्ट नाही, मैदानाची हद्द नाही, चेंडू आपल्या मुलखात एवढा आत पळवायचा की समोरच्यांना आज तो परत आणता येणार नाही. आणि बघे नाहीतच! जो आला तो खेळणारा. ओवेनने एक किस्सा दिलाय, वाटेने चाललेला कुणी परका ही रक्तबंबाळ मंडळी बघून विचारतो काय मारामारी चाललीय, तर उत्तर येतं मारामारी नाही हो, खेळ आहे. तो म्हणतो, हा खेळ असेल तर स्पॅनिश लोकांना आणून दाखवा, आपल्या लढाईच्या धास्तीनेच गार होतील. (आरमाडा, म्हणजे स्पेनचं आरमार, इंग्लंडवर चालून येऊन गेल्याला तेव्हा पंधराच वर्षं झाली होती.)

आता मुद्दा. हे सगळं गेलं कुठे? माझं म्हणणं आहे चॅपलवाल्यांनी मारलं. मेथडिस्ट आले, रविवारी खेळणं पाप झालं, गावजत्रा पाप झाली, नाच पाप झाला. पुरावा देतो. तेइफी नदीच्या खोऱ्यात ल्लानडिसिल आणि ल्लानवेनोग अशी दोन गावं, मध्ये आठेक मैलांचं अंतर, जुन्या पंचांगाच्या नववर्षाला म्हणजे १२ जानेवारीच्या सुमारास दोघांची चेंडूवरून जुंपायची आणि गोल कुठे तर आपापल्या देवळाच्या दारात. १८३३ साली तिथल्या पाद्र्याने हे बंद केलं आणि त्याच दिवशी देवळात बायबलची प्रश्नोत्तरं घोकून म्हणायचा कार्यक्रम सुरू केला. तो अजून चालू आहे! चेंडू गेला, पाठांतर राहिलं. बोला.

(आणि हो, तो 'ल्ल' म्हणजे जीभ टाळूला लावून बाजूने फुंकायचं. आपला ळ बाहेरच्यांना येत नाही तसंच. मला अजूनही येत नाही.)

निवृत्त_मास्तर
काका, धागा छान पण पहिल्याच पुराव्यात घोटाळा आहे. ल्लानडिसिलचे ते रेव्हरंड ईनक जेम्स हे व्हिकर होते, म्हणजे सरकारमान्य अँग्लिकन चर्चचे. चॅपल म्हणजे त्या चर्चमधून फुटून निघालेले मेथडिस्ट, बाप्टिस्ट, इंडिपेंडंट वगैरे. तुम्ही खून एका भावाच्या नावावर लावताय आणि सुरी दुसऱ्याच्या हातात दाखवताय.

उलट जुन्या काळी गावखेळांना आसरा दिला तो याच जुन्या चर्चने. रविवारी प्रार्थना झाली की त्याच आवारात खेळ, देवळाच्या भिंतीवर चेंडू मारायचा, तोही उत्तरेकडच्या बाजूला कारण तिकडे थडगी कमी असत. गावच्या संताच्या नावाने जो उत्सव भरे, ग्विल मापसांट, त्यात कुस्ती, कोंबड्यांच्या झुंजी, नाच, दारू सगळं आलं. आपल्या गावजत्रेत तमाशा आणि फड असतो तसंच. तेव्हा धर्म विरुद्ध खेळ एवढं सोपं गणित नाही ते.

कार्डिफचा_काका
मास्तर, पकडलंत. व्हिकर चर्चचाच, मान्य. पण त्या काळात चर्चवाल्यांनाही चॅपलची हवा लागली होती ना, शेजारचा चॅपलवाला आपल्यापेक्षा जास्त सोवळा दिसतोय म्हटल्यावर व्हिकर काय करणार. मूळ मुद्दा सोडत नाही मी.

टग्या_नाशिककर
काका, मूळ मुद्दाच चुकलाय. १९०४-०५ मध्ये वेल्समध्ये धर्माची मोठी लाट आली, इव्हान रॉबर्ट्स नावाचा कोळशाच्या खाणीत काम केलेला पोरगा प्रवचनं देत फिरायचा, लोक रडायचे, दारू सोडायचे, काही गावांतले रग्बी क्लबसुद्धा बंद पडले. बरोबर? आणि त्याच १९०५ च्या डिसेंबरात कार्डिफला वेल्सने न्यूझीलंडला ३-० हरवलं. सगळा देश बेभान. म्हणजे एवढी मोठी लाट येऊनसुद्धा धर्माला रग्बी एक वर्ष रोखता आली नाही, आणि तुम्ही म्हणता त्याच धर्माने क्नापान मारला? खेळायला माणसं आणि वेळ असेल तर पाद्री काय ब्रह्मदेवाचा बाप आला तरी थांबत नाही.

खरं कारण कोळसा. ऱ्होंडा खोऱ्यात १८५१ ला हजार माणूस पण नव्हतं, १९११ ला दीड लाखाच्या वर. हे लोक कुठनं आले? याच खेड्यांतनं, शिवाय इंग्लंडातनं, आयर्लंडातनं. मग इकडे गावात क्नापान खेळायला राहिलं कोण? म्हातारे आणि मेंढ्या.

घाटमाथा
टग्याशी निम्मी सहमत. वेळेचा मुद्दा मात्र अजून पुढे न्यायला हवा. क्नापानला आख्खा दिवस लागतो आणि आठ मैल रान लागतं. खाणीतल्या माणसाकडे काय होतं? १८८८ पासून दक्षिण वेल्सच्या खाण कामगारांना महिन्यातला पहिला सोमवार सुट्टी मिळू लागली, त्याला मेबनचा दिवस म्हणत, मेबन म्हणजे त्यांचा पुढारी विल्यम एब्राहम. १८९८ चा टाळेबंदीचा लढा कामगार हरले आणि ती सुट्टीही मालकांनी काढून घेतली. महिन्यातला एक सोमवार, तोही दहा वर्षं टिकला. अशा माणसाला ऐंशी मिनिटांत संपणारा, कुंपणाच्या आत मावणारा खेळच परवडणार. रग्बी जिंकली ती घड्याळामुळे.

रग्बी म्हणजे क्नापानचीच नात असं इथे पब्लिक अभिमानाने सांगतं, ते मला पटत नाही. रग्बी आली इंग्लिश शाळा-कॉलेजांतून, लॅम्पीटरच्या कॉलेजात १८५० च्या आसपास. मळखाऊ चड्डीतल्या शेतकऱ्यांकडून नाही, साहेबाच्या पोरांकडून.

आळशी_बोका
एक भाबडा प्रश्न. १८८१ साली वेल्स रग्बी युनियनची स्थापना झाली आणि त्याच १८८१ साली रविवारी पब बंद ठेवायचा कायदा वेल्ससाठी झाला. म्हणजे रविवारी प्यायचं नाही आणि शनिवारी खेळायचं असं काही ठरलं होतं का, की योगायोग?

निवृत्त_मास्तर
बोकोबा, योगायोग. पण पबचा विषय काढलात ते बरं केलंत, कारण चर्चच्या आवारातनं हाकललेला खेळ गेला कुठे तर पबच्या मागच्या अंगणात. कोंबड्यांच्या झुंजीचंच घ्या. डेन्बी गावच्या एका खाणावळीच्या अंगणात गोल, गवताने शाकारलेली एक झुंजशाळा होती, ती उचलून आता कार्डिफजवळ सेंट फॅगन्सच्या संग्रहालयात उभी केलीय. १८३५ च्या कायद्याने झुंजींवर बंदी आली. तो कायदा संसदेचा, चॅपलचा नव्हे. आणि ती बंदी चुकीची होती असं तर तुम्हीही म्हणणार नाही.

कार्डिफचा_काका
नाही म्हणणार. ती झुंजशाळा पाहिलीय, आमच्या धाकटीने आत शिरताच विचारलं बाबा कोंबड्या कुठायत, काय सांगणार.

पबवरून नेल्सनचं सांगतो. हे केरफिली भागातलं गाव, गावाचं नावच मुळात पबवरनं पडलेलं. तिथे गावाच्या मधोमध उघड्यावर हँडबॉलचं कोर्ट आहे, १८६० च्या दशकातलं, पबला लागून. समोर उंच भिंत, दोन बाजूंना भिंती, चेंडू तळहाताने मारायचा, बॅट नाही काही नाही. मी गेलो तेव्हा दोन म्हातारे एका पोराला शिकवत होते. म्हटलं मलाही मारू द्या. पहिला चेंडू लागला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या. म्हातारा म्हणाला हात सैल सोड, ताठ धरलास की हाडाला लागतं. चार-पाच फटक्यांत तळवा टोमॅटोसारखा. पण भिंतीवर चेंडू आपटल्याचा तो टण्ण आवाज समोरच्या दुकानापर्यंत जातो, लोक पिशव्या घेऊन थांबतात, दोन मिनिटं बघतात, जातात. हे कोर्ट टिकलं कारण ते गावाच्या वाटेवर आहे. पूर्वी इथे पैजा लागायच्या, आयरिश मजूर खेळायचे, पबवाल्याचा धंदा व्हायचा. थोडक्यात, जिथे पबवाल्याचं पोट अवलंबून तिथे खेळ जगला. माझा मुद्दा इथे थोडा ढिला पडतोय हे मलाही कळतंय, हसू नका.

टग्या_नाशिककर
हसलो.

मुंबईची_मावशी
सगळे पुरुष पुरुषांच्याच खेळावर भांडताय म्हणून मध्ये पडते. कार्डिफ-न्यूपोर्टकडे ब्रिटिश बेसबॉल खेळतात, अमेरिकन नव्हे, तो मुळात राउंडर्स, १८९२ मध्ये त्याचं नाव बदलून बेसबॉल केलं. बॉल काखेखालून टाकायचा, बॅटचा पुढचा भाग चपटा, टीममध्ये अकरा जण, आणि मागे गेलेला फटकाही चालतो. आणि हा बायका पण खेळायच्या, कामगार वस्त्यांमधल्या, त्यांच्या लीग होत्या. माझी कार्डिफमधली जुनी शेजारीण (आता ऐंशीची असेल) सांगायची की आईच्या टीमचे कपडे धुवायचं काम तिच्याकडे असे आणि गवताचे हिरवे डाग जाता जात नसत.

मुद्दा असा की जुने खेळ 'नियम नव्हते म्हणून मेले' असं कुणी म्हणेल, तर ते पण खरं नाही. या बेसबॉलला नियम होते, असोसिएशन होती, १९०८ पासून इंग्लंड-वेल्स सामने होत होते. तरी आक्रसत आक्रसत मूठभर क्लबांवर आलाच. आपल्याकडे खो-खोला १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने नियम घालून दिले आणि तो टिकला, म्हणून सगळ्यांना वाटतं नियम केले की खेळ वाचतो. मग आट्यापाट्यांचे नियम कुणी खाल्ले? त्याच्याही फेडरेशन आहेत, तुमच्या गल्लीत शेवटचं कुणाला खेळताना बघितलंत?

घाटमाथा
मावशी +१. मारगमचा बँडो पण आठवा. वाकड्या काठीने खेळायचा, हॉकीसारखा, ग्लॅमॉर्गनच्या किनाऱ्यावर, मारगमच्या बँडोवाल्यांवर पोवाड्यासारखं गाणंही रचलेलं आहे. लांबच लांब वाळू हेच त्यांचं मैदान. बँडो एकोणिसाव्या शतकातच मावळला, आणि पुढे १९५१ मध्ये त्याच मारगमच्या किनाऱ्यालगतच्या टेकाडांवर पोलादाचा अवाढव्य कारखाना उभा राहिला. आता कुणाला बँडो परत आणावासा वाटला तरी आधी जागा शोधा.

आळशी_बोका
पण परत आणतात की लोक! मीच वाचलं, क्नापान १९८५ ला पुन्हा सुरू केला होता ना, न्यूपोर्ट विरुद्ध नेव्हर्न?

निवृत्त_मास्तर
केला होता, पेम्ब्रुकशरमधलं न्यूपोर्ट बरं का, मोठं शहर न्यूपोर्ट नव्हे. दहा वर्षं चालला आणि १९९५ नंतर बंद. कारण ऐका, विम्याचा हप्ता परवडेना. आता सांगा काका, यात चॅपल कुठे? ज्या खेळाला व्हिकर, खाणमालक आणि रग्बी मिळून पूर्ण गाडू शकले नाहीत, त्याला शेवटी इन्शुरन्सच्या फॉर्मने गाडलं.

टग्या_नाशिककर
आणि मजा बघा, त्याच १९८५ मध्ये ल्लानर्टिड वेल्सला बॉग स्नॉर्कलिंगची स्पर्धा सुरू झाली. चिखलाच्या साठ यार्डी चरातनं तोंडात नळी धरून दोन फेऱ्या, हातांनी पोहायचं नाही, फक्त पायाचे पंख. ती अजून जोरात चालू. त्याच गावात १९८० पासून माणूस विरुद्ध घोडा शर्यत, पबमधल्या वादावादीतनं निघालेली, बावीसेक मैलांची, चोवीस वर्षं धावणाऱ्या कुणालाही घोड्याला हरवता आलं नाही, २००४ मध्ये ह्यू लॉब नावाचा माणूस पहिल्यांदा जिंकला आणि साठत आलेले २५,००० पौंड घेऊन गेला. तर मला सांगा, चारशे वर्षं जुना क्नापान बंद आणि पबमध्ये सुचलेला चिखल चालू. मग 'पारंपरिक' कशाला म्हणायचं?

कार्डिफचा_काका
चिखलात नळी घालून पोहणं ही परंपरा नाही, टुरिस्ट लोकांसाठीचा तमाशा आहे. हे ठाम मत, इथे माघार नाही.

मुंबईची_मावशी
काका, नेल्सनचं कोर्ट पण पबवाल्याच्या गिऱ्हाइकांसाठीच होतं, आत्ता तुम्हीच लिहिलंत वर. दीडशे वर्षं झाली म्हणून ती परंपरा, चाळीस झाली म्हणून हा तमाशा? थांबा अजून शंभर वर्षं.

कार्डिफचा_काका
मावशी, निरुत्तर. पण एक शेवटचं. १२ जानेवारीचं ते ल्लानडिसिलचं पाठांतर मला फार खटकतं. तारीख जुन्या पंचांगाची, दिवस खेळाचा, आणि देवळात बसलेल्या निम्म्या लोकांना तरी माहीत असेल का की आपले खापरपणजोबा याच दारात चेंडू आणून आपटायला जीव टाकत होते?

घाटमाथा
पण तो दिवस त्यांनी पाळला म्हणून तर आज आपल्याला खेळ माहीत आहे. पूर्ण विसरले असते तर धागाच निघाला नसता तुमचा.

आळशी_बोका
ते सगळं ठीक. मी एप्रिलमध्ये ब्रिस्टलला येतोय कामासाठी, नेल्सनला जाऊया का काका?

कार्डिफचा_काका
ये की. ट्रेनने कार्डिफला उतर, पुढे गाडीने नेतो. चेंडू मी आणतो, बर्फाची पिशवी तुझी तू आण.