क्रॅश बँडिकूट, एन. सेन ट्रिलॉजी: पहिल्या भागातल्या उड्या कमी का पडतात?

घूस_नंबर_वन (प्रश्न)

क्रॅश बँडिकूट या उड्यांच्या व्हिडिओ गेमच्या पहिल्या भागाच्या दोन आवृत्त्या शेजारी-शेजारी लावून बघितल्या. एक १९९६ ची प्लेस्टेशन वनवरची मूळ, दुसरी २०१७ च्या एन. सेन ट्रिलॉजीतली (पहिले तीन भाग नव्याने बनवलेला संच), प्लेस्टेशन ४ वर. लेव्हलचा आराखडा जवळपास तोच, खड्डे तिथेच, खोकीही आपापल्या जागी. तरी मूळ खेळात हाताला बसलेल्या उड्या नव्यात चुकतात.

नेमकं काय होतं: पाय कडेवर टेकलेला दिसतो आणि तरी क्रॅश, म्हणजे खेळाचा नायक, घरंगळून खाली जातो. उडीचा चढ ओळखीचा वाटतो, उतार मात्र आखूड. हे सगळ्यात जास्त जाणवतं ते 'रोड टू नोव्हेअर' आणि 'द हाय रोड' या दोन झुलत्या पुलांवर. जंगलातल्या लेव्हलमध्ये फारसं नाही.

दोष खेळाचा आहे की टीव्ही उशिरा दाखवतो त्याचा? आणि पुलावर बटणं कशी दाबायची? 'सराव करा' हे उत्तर सोडून काहीही चालेल.

---

गोलबुड्या

मुख्य कारण खेळातच आहे. टीव्ही त्यात भर घालतो, एवढंच.

ट्रिलॉजी बनवणाऱ्या व्हायकॅरियस व्हिजन्सने हा खेळ मूळ कोडवर रंगरंगोटी करून काढलेला नाही. मूळ खेळ बनवणाऱ्या नॉटी डॉगच्या काळातले लेव्हलचे त्रिमितीय सांगाडे त्यांना मिळाले. खेळ चालवणारा भाग त्यांनी आपल्या इंजिनात नव्याने लिहिला. म्हणजे जमीन जुनी आणि पाय नवे. तुम्हाला जे दिसतंय ते या विजोडपणामुळे.

आता पाय म्हणजे काय ते बघा. पडद्यावर दिसणारा क्रॅश जमिनीला लागतच नाही. लागतो तो त्याच्याभोवतीचा अदृश्य आकार. मूळ खेळात या आकाराचं बूड सपाट असल्यासारखं वागतं: बुटाचं टोक कडेवर आलं तरी 'जमिनीवर आहे' असा निकाल लागतो. नव्यात तिन्ही भागांना एकच आकार आहे, उभ्या कॅप्सूलचा, आणि कॅप्सूलचं बूड गोल असतं. काडेपेटी टेबलाच्या कडेवर निम्म्याला जरा कमी बाहेर काढून ठेवा, राहते. त्याच जागी लिंबू ठेवून बघा. कड गोलाईला तिरपी लागते आणि इंजिन क्रॅशला बाहेरच्या बाजूला ढकलतं. उडी पोचलेली असते. टेकल्यावर निसटते.

खात्री करायची तर पहिल्याच 'एन. सॅनिटी बीच'वर करा. खड्ड्याच्या काठाशी उभे राहा आणि डी-पॅडला (कंट्रोलरवरच्या दिशांच्या बटणांना) हलके टिचके देत पुढे सरका. मूळ खेळात पाऊल बरंच बाहेर आलं तरी क्रॅश उभा असतो. नव्यात एका ठरावीक जागेनंतर तुम्ही बटण सोडलेलं असलं तरी तो स्वतःहून सरकायला लागतो. ही जागा एकदा डोळ्यात भरली की पुढचं निम्मं काम झालं.

दुसरं, उतार. नव्यात क्रॅश शिखरावरून लवकर खाली येतो, त्यामुळे तेवढ्याच उंचीच्या उडीत आडवं अंतर कमी कापलं जातं. हाताळणीचा पाया तिसऱ्या भागाचा, 'वॉर्प्ड'चा घेतलाय आणि पहिल्या भागासाठी उडीची मापं वेगळी लावलीत. पण 'वॉर्प्ड'मध्ये क्रॅश घसरून उडी मारतो, हवेत दुसरी उडी घेतो. थोडं अंतर कमी पडलं तर भरून काढायला साधन असतं. पहिल्या भागात दोन्ही नाहीत. एकच उडी, आणि तीही मूळ मापांवर बेतलेल्या खड्ड्यांवरून.

आणि हे कुणाचं घरगुती संशोधन नाही. खेळ बाजारात आल्यावर थोड्याच दिवसांत, जुलै २०१७ मध्ये, प्रकाशक अ‍ॅक्टिव्हिजननेच सांगितलं की धडक तपासण्याची पद्धत वेगळी आहे आणि काही उड्यांना मूळपेक्षा जास्त अचूकपणा लागतो. सोबत सल्ला असा की आधी दुसरा किंवा तिसरा भाग खेळा, हात बसवा, मग पहिल्याकडे या. ट्रिलॉजीत पहिला भाग शेवटी खेळायचा हे ऐकायला विचित्र वाटतं, पण सल्ला योग्य आहे.

---

पुलकरी

वरचं कारण पटलं असं धरून थेट पुलावर येतो.

अ‍ॅनालॉग काडी सोडा, डी-पॅड धरा. मूळ खेळ आला तेव्हा कंट्रोलरवर काड्याच नव्हत्या. सगळे पूल आठ दिशांच्या डी-पॅडसाठी आखलेत. काडी थोडी जरी कलली तरी क्रॅश तिरपा धावतो, आणि फळीची रुंदी एवढी नाही की तिरपं धावून परवडेल.

एक्स बटण शिखर येईपर्यंत पूर्ण दाबून धरा. बटण लवकर सुटलं की उडी आखूड होते आणि उतार मुळातच आखूड असल्याने तोटा दुप्पट. हवेत असताना पुढची दिशा सोडू नका. बरेच जण फळी पायाखाली आली असं वाटून अर्ध्यात दिशा सोडतात आणि नेमके गोल बुडावर कडेला टेकतात. टेकायचं ते फळीच्या मध्यावर, जवळच्या कडेवर नाही.

उडी सुरू करायची जागाही बदला. मूळ खेळात अगदी टोकाला जाऊन उडी मारता यायची. नव्यात टोकाला गेलात की आधीच घसरणं सुरू झालेलं असतं, मग एक्स दाबून उपयोग होत नाही. पडतानाच्या क्षणी उडी लागत नाही. टोकाच्या बोटभर अलीकडून उडा.

निसटणाऱ्या फळ्यांवर थांबून विचार करायचा नसतो. विचार आधीच्या पक्क्या फळीवर. पुढे डुक्कर येरझाऱ्या घालत असेल तर त्याची एक फेरी बघून घ्या, तो तुमच्याकडे यायला लागला की चौकोन बटणाने गिरकी मारून उडवा, मगच फळी सोडा. 'द हाय रोड'वरच्या कासवांचं वेगळं: एकदा उडी मारली की कासव पाठीवर उलटं होतं आणि थोडा वेळ उसळफळीसारखं वापरता येतं. त्यावर पडतानाही एक्स दाबून धरलेला हवा. नुसतं पडलात तर उसळी पुढच्या फळीपर्यंत पुरत नाही. इथे सगळ्यात जास्त जीव जातात, आणि कारण अंतर नसतं, एक्स सुटलेला असतो.

आणि शेवटचा मार्ग, ज्याला काही लोक लबाडी म्हणतात: पुलाच्या बाजूचा दोर. फळीवरून तिरपी उडी मारून दोरावर उतरा आणि मग फक्त वरची दिशा धरा. क्रॅश दोरावरून सरळ चालत जातो. मूळ खेळातही चालायचं, नव्यातही चालतं. खोकी सुटतात, त्यामुळे जेम (सगळी खोकी फोडल्याचं बक्षीस) मिळत नाही. पण लेव्हल पार होते.

---

तीन_जीव

दोघांचंही बरोबर, पण चित्र अर्धंच आहे. 'नवा खेळ अवघड' हे सरसकट विधान मला मान्य नाही. उडी कठीण झाली, शिक्षा मात्र खूप हलकी झाली.

मूळ खेळात वाटेल तेव्हा सेव्ह करता येत नसे. लेव्हलमध्ये टॉनाची (क्रॅशच्या मैत्रिणीची) तीन चिन्हं गोळा करायची, बोनस फेरीत जायचं, ती पूर्ण करायची, मग सेव्ह किंवा पासवर्ड. नाहीतर जेम मिळवायचा. मधे जीव संपले की मागच्या सेव्हपासून सगळं पुन्हा. बोनस फेरीत पाय घसरला तर ती संधी गेली. नव्यात प्रगती आपोआप जपली जाते आणि बोनस फेरी परत खेळता येते.

जेमचा नियम तर पार बदललाय. मूळ खेळात कुठलाही जेम हवा तर सगळी खोकी फोडायची आणि एकदाही मरायचं नाही. नव्यात साध्या पांढऱ्या जेमला चेकपॉइंटवरून पुढे गेलात तरी चालतं. न मरण्याची अट फक्त रंगीत जेमना उरली: 'द लॉस्ट सिटी' हिरवा, 'जनरेटर रूम' नारिंगी, 'टॉक्सिक वेस्ट' निळा, 'स्लिपरी क्लाइम्ब' लाल, 'लाइट्स आउट' जांभळा, 'द लॅब' पिवळा. या सहा लेव्हल सोडून बाकी ठिकाणी बिनधास्त पडा.

माझ्या मते हे ठरवून केलेलं असो वा नसो, हिशेब जुळतो. जुन्या नियमांसह नव्या उड्या दिल्या असत्या तर अनेकांनी दुसरं बेटही पाहिलं नसतं.

---

घूस_नंबर_वन

दोर चालला. काडेपेटी आणि लिंबूही करून पाहिलं, टेबलावरच. दोन उपप्रश्न: असा बदल फक्त क्रॅशमध्येच झालाय का? आणि पीसी आवृत्तीत हे सुधारलंय का?

---

जुनं_कार्ट्रिज

पहिल्या उपप्रश्नापुरतं. नाही, जुनाच रोग आहे, फक्त प्रत्येक वेळी वाट वेगळी.

सुपर मारिओ ब्रदर्स १९९३ मध्ये 'ऑल-स्टार्स' संचात सुपर निन्टेन्डोवर आला. मूळ खेळात मोठा मारिओ डोक्याने वीट फोडतो आणि तिथूनच खाली येतो. 'ऑल-स्टार्स'मध्ये वीट फुटल्यावरही तो वर जात राहतो. विटांच्या रांगेखाली नेम धरून उड्या मारणाऱ्याला पहिल्याच मिनिटात कळतं.

मारिओ ६४ ची गंमत उलटी. २०२० च्या स्विचवरच्या '३डी ऑल-स्टार्स'मध्ये उलट्या लांब उड्या मारून वेग साठवण्याची आणि बंद दारं ओलांडण्याची युक्ती चालत नाही. ती स्विचने काढलेली नाही. निन्टेन्डोने १९९७ मध्ये जपानात कंट्रोलरच्या थरथरीसह एक सुधारित आवृत्ती काढली होती, त्यात ती बंद झाली होती आणि स्विचवर तीच आवृत्ती घेतली. तेव्हा 'नव्या मशीनवर बदललं' म्हणण्याआधी मूळ कोणतं हे बघावं.

नुसतं एम्युलेशन, म्हणजे जुनाच खेळ नव्या मशीनवर जुन्या मशीनची नक्कल करून चालवणं, असलं तरी सुटका नाही. वी कन्सोलवरच्या मारिओ ६४ मध्ये दशांश वेगळ्या दिशेने कापले जातात, म्हणून 'बाउझर इन द फायर सी'मधले तरंगणारे फलाट कणाकणाने वर चढतात. खेळताना दिसणार नाही. एक उडी वाचवण्यासाठी खेळ तीन दिवस चालू ठेवणारे मात्र याच त्रुटीवर विसंबतात.

सॉनिकचा पहिला भाग १९९१ चा, त्यात जागेवर गिरकी घेऊन सुसाट सुटण्याची चाल नाही. २०१३ च्या मोबाइल आवृत्तीत आहे, आणि पडदाही रुंद. समोरचे काटे आधी दिसतात, म्हणजे तोच वेग कमी भासतो.

पाल या पन्नास हर्ट्झच्या टीव्ही पद्धतीचंही विसरू नका, आपले टीव्ही त्याच पद्धतीचे होते. साठ हर्ट्झसाठी लिहिलेला खेळ काही न बदलता पन्नासवर चालवला की सुमारे १७ टक्के मंद होतो, संगीतासकट. २०१८ च्या प्लेस्टेशन क्लासिकमध्ये २० पैकी ९ खेळ पाल आवृत्तीचे निघाले, त्यात 'जम्पिंग फ्लॅश' हा उड्यांचाच खेळ होता.

---

गोलबुड्या

पीसीबद्दल: २९ जून २०१८ ला पीसी, स्विच आणि एक्सबॉक्स वनवर आला. कॅप्सूल तीच, उताराची मापंही तीच. फरक पडतो तो चित्रांच्या वेगात. प्लेस्टेशन ४ वर सेकंदाला ३० चित्रं, म्हणजे एक चित्र सुमारे ३३ मिलिसेकंदांचं. पीसीवर ६० मिळाली की ते १७ च्या आसपास येतं. कडेवरून घसरणं तसंच राहतं, पण घसरायला लागलेलं लवकर दिसतं आणि बटण लवकर लागू होतं.

प्लेस्टेशन ४ वरच राहायचं असेल तर टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा आणि हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय बंद करा. तो पर्याय पुढचं चित्र आल्याशिवाय मधलं बनवू शकत नाही, म्हणून मुळातच उशीर करतो. ही सेटिंग बदलताना हे दर एचडीएमआय तोंडासाठी वेगळं लावावं लागतं, एका तोंडावर लावलं की सगळीकडे लागतंच असं नाही.

---

पुलकरी

एक राहिलं. 'स्टॉर्मी असेंट' नावाची लेव्हल नकाशावर दिसेल. १९९६ मध्ये फार अवघड म्हणून ती वगळली होती, ट्रिलॉजीत जुलै २०१७ मध्ये जोडली. भिंतीतून आत-बाहेर होणारे दगड आणि उतरण बनणाऱ्या पायऱ्या, म्हणजे गोल बुडाला जे जे वाईट ते सगळं एका जागी. 'स्लिपरी क्लाइम्ब'चा लाल जेम हातात येईपर्यंत तिथे जाऊ नका. आणि गेलात तर पायरी सपाट होण्याची वाट बघू नका. ती वर येते आहे तोवरच पुढची उडी घ्या.