जंगलात राहायला जाताना चाकू कुठला घ्यावा?

रानभैरी: मंडळी, दिवाळीनंतर वेल्ह्याकडं मित्राच्या मालकीच्या रानात राहायला जायचंय. चूल, तंबूच्या खुंट्या, जमलंच तर लाकडाचा चमचा, सगळं आपल्या हातानं. ऑनलाइन दातेरी पाठीचे, मुठीत होकायंत्र असलेले मोठ्ठे चाकू स्वस्तात दिसतायत, घेऊ का?

आकडीवाला: होकायंत्रवाला अजिबात नको. मूठ पोकळ म्हणजे पातं आत जेमतेम शिरलेलं, लाकूड फोडायला वरून ठोकलं की मुठीपाशीच मोडणार. दणक्याचं काम कोयत्याचं. लोहाराकडून ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा करून घ्या आणि पाणी (म्हणजे तापवून, बुडवून कडक करणं) फक्त धारेला द्यायला सांगा, पाठ नरम राहिली की तडकत नाही. आमच्या कोकणात तो कमरेला मागे आकडीत अडकवतात, दोन्ही हात मोकळे राहतात.

पाजवणे_चालू: वर बरोबर सांगितलंय, पण कोयत्यानं चमचा कोरणार का? त्याला छोटी सुरी लागतेच. मोरा कंपॅनियन बघा, स्वीडनची आहे, पातं साधारण 10 सेंमी, स्टेनलेसवाल्याची जाडी 2.5 मिमी. धारेचा उतार रुंद आणि सपाट असतो, तो दगडावर टेकवला की कोन आपोआप सापडतो, त्यामुळे नवीन माणसालाही धार लावता येते. कार्बन स्टीलच्या पात्याला धार झटकन लागते, पण आपल्याकडच्या दमट हवेत गंजतं आणि कैरी कापली की काळं पडतं, पुसून खोबरेल लावायचा आळस असेल तर सरळ स्टेनलेस घ्या. बाकी स्टील कुठलंही असो, बांबू तासलात की धार उतरणारच, त्यात सिलिका असते.

रानभैरी: भारी! पण कोयत्याचं वाकडं टोक दगडावर बसतच नाही, त्याला धार कशी लावू?

आकडीवाला: अर्धगोल कानस. कोयता पायाखाली दाबून नाही हां, लाकडी ओंडक्यावर पक्का धरायचा आणि कानस एकाच दिशेनं. नुसती घसरत असेल तर पाणी जास्त बसलंय, दगडावर घाव पडला तर तुकडा उडेल.

घाटपांडे_नाही: एक राहिलंच. 9 इंचापेक्षा लांब किंवा 2 इंचापेक्षा रुंद पातं शस्त्रांच्या नियमात येतं, शेतीच्या आणि घरगुती अवजारांना सूट आहे, पण कोयता गँगच्या बातम्यांनंतर रात्री नाकाबंदीत डिकीतला कोयता शेतीचा आहे हे पोलिसांना पटवत बसाल. आणि अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र न्यायला बंदीच आहे. मित्राचं रान आहे ना, मग कोयता त्याच्याच घरून घ्या.